चौकोनाच्या वाट्याचा फ्लक्स

ते शून्य मीच दिलं होतं, मंगळवारी, तांबड्या शाईनं, चांगलं ठसठशीत. वर शेजारी लिहिलंही होतं, ‘डबा विसरलास काय?’ तपासणाऱ्यानं उत्तरपत्रिकेवर असलं काही लिहायचं नसतं. पण माझा हात आणि माझं तोंड दोन्ही माझ्या ताब्यात नसतात, हे सुवा शहरातल्या कुठल्याही शाळेत विचारा, सांगतील.

शुक्रवारी सकाळी साडेआठ वाजता तीच उत्तरपत्रिका बेरीज पडताळायला पुन्हा माझ्यापुढे आली. क्रमांक ०४१७. आसपासच्या सगळ्या बेटदेशांची परीक्षा एकच, पहिले दोन आकडे देशाचे. शून्य-चार, म्हणजे तुवालू. मुलगा की मुलगी, कुठल्या बेटावरचा, काही कळायला मार्ग नाही. एकूण गुण एकोणसत्तर. शिष्यवृत्तीची रेषा पंच्याहत्तरवर. सहा कमी. आणि अख्ख्या पेपरात शून्य एकाच प्रश्नाला, तो प्रश्नही बरोबर सहा गुणांचा.

दुपारी बाराला यादी बंद होऊन पाकिटाला लाख लागणार होती. त्यानंतर देव जरी आला तरी एक गुण इकडचा तिकडे होत नाही. मी स्वतः लाऊकडच्या एका बेटावरची. याच शिष्यवृत्तीच्या जोरावर तीन दिवस बोटीत ओकत ओकत सुवाला आले होते. रेषेखाली राहिलेली माझ्या वर्गातली पोरं कुठं गेली ते मला माहीत आहे. म्हणून म्हटलं, बघू तरी या शहाण्यानं काय लिहिलंय. मंगळवारी मी फक्त उत्तर बघितलं होतं.

प्रश्न साधा होता. वीस सेंटिमीटर बाजूचा एक सपाट चौकोन. त्याच्या मध्यबिंदूच्या बरोबर वर, वीस सेंटिमीटर उंचीवर, एक बिंदुप्रभार. प्रभारातून विद्युतरेषा चहूबाजूंना सारख्या सुटतात. त्यातल्या किती या चौकोनातून आरपार जातात, म्हणजे चौकोनातून फ्लक्स किती, ते काढा.

आता या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे झोपेतून उठवलं तरी कुणीही देईल. एमोरी मास्तरांनी चौतीस वर्षं तेच शिकवलं. मास्तर वर्गात बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा आणायचे, त्यात मधोमध दोऱ्यानं एक लिंबू टांगायचे आणि विचारायचे, ‘बाजू किती?’ आम्ही ओरडायचो, सहा! ‘लिंबाला कुठली बाजू लाडकी?’ कुठलीच नाही! ‘मग तळाच्या वाट्याला किती?’ सहावा भाग! मास्तर खूश. आमच्या तपासणीच्या खोलीत बारा जण होते, त्यातल्या आठांनी तो डबा वर्गात बघितलेला, उरलेल्या चौघांनी त्या आठांकडून ऐकलेला. पेपर मास्तरांनीच काढलेला, आदर्श उत्तरंही त्यांचीच. चौकोन दिसला, मधोमध वर प्रभार दिसला, की सहावा भाग. मी अशा दोनशे चाळीस उत्तरांवर बरोबरची खूण केली होती.

०४१७ नं चौकोनाचे पट्टीनं सोळा तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकडा प्रभारापासून किती लांब, त्यातून किती रेषा जातील, सगळं बारीक अक्षरात मांडून बेरीज केली होती. उत्तर होतं ०.०६५, म्हणजे एकूण रेषांचा साधारण पंधरावा-सोळावा भाग. आणि खाली दोन ओळी: ‘वीसचा डबा इथं बसत नाही. प्रभार मधोमध यायचा तर डबा चाळीसचा लागेल, आणि आपला चौकोन त्याच्या तळाचा फक्त मधला तुकडा होईल. तेव्हा सहाव्या भागापेक्षा कमीच.’

मी पुन्हा प्रश्नपत्रिका काढली. बाजू वीस. उंची वीस. वीसच्या डब्यात लिंबू मधोमध टांगलं तर तळापासून दहावर येईल, वीसवर कसं येईल? वीसवर ते डब्याच्या झाकणाला चिकटेल!

अगं बये, आसिनाते, म्हटलं, काय करून बसलीस.

शेजारी टोंगाचा सियोसाया बसला होता. ताडमाड माणूस, बसला की बाक कुरकुरायचा. त्याला उत्तरपत्रिका सरकवली. त्यानं वाचलं, गणकयंत्रावर बोटं चालवली, कोनाचं मोठं सूत्र लावलं, आणि हळूच म्हणाला, ‘०.०६४. पोरगं बरोबर आहे.’

‘आणि आपण?’

‘आपण बारा गाढवं.’ मग त्यानं मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. ‘सांगणार कोण?’

‘आपण दोघं.’

‘छे छे. मी पाहुणा माणूस. तुझे मास्तर, तुझा देश, तू सांग. मी मागं बसून आमेन म्हणतो.’

‘एवढा मोठा देह कशाला दिलाय रे देवानं तुला?’

‘बसायला,’ तो म्हणाला.

दहाला बैठक. आमच्या बैठका चटईवर. मास्तर तेवढे खुर्चीत, फळ्याच्या अगदी पुढ्यात, कारण गुडघे दुखतात. वय अडुसष्ट, पांढरा शर्ट, खाली लुंगीसारखी राखाडी सुलू, पायात चपला घासूनपुसून. हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं. खोलीत कुणीही मास्तरांपुढून जाताना कमरेत वाकून जायचं, उभ्यानं बोलायचं नाही. कचेरीचा धरमेन, जो सगळे गुण वहीत चढवतो, तो तेवढा टेबलाशी होता.

‘हं, कुणाला काही?’ मास्तरांनी विचारलं. दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी कुणाला काही नसतं.

मी तीनदा हात जोडून टाळी वाजवली, आमच्याकडे मोठ्यांपुढे बोलायची परवानगी अशी मागतात. बारा माना वळल्या.

‘मास्तर, प्रश्न सातवा. आदर्श उत्तर चुकलंय.’

मास्तर हसले. ‘कुठलं उत्तर, बाळ?’

‘सहावा भाग.’

हसू गेलं. ‘आसिनाते, तुला तो प्रश्न मी शिकवला. तू तेव्हा दोन वेण्या घालायचीस.’

‘हो मास्तर.’

‘मग?’

‘उंची वीस दिलीय.’

त्यांनी कागद बघितलाच नाही. ‘चौकोनाच्या मधोमध वर प्रभार. सहावा भाग. चौतीस वर्षांत कुणी चूक काढली नाही, आणि आज बारा वाजता यादी जायची तर तू चूक काढतेस? फळ्यावर करून दाखव. सगळ्यांसमोर.’

खुर्ची मात्र तसूभर हलवली नाही. फळा त्यांच्या पाठीशी. लिहायचं तर त्यांच्या डोक्यावरून हात न्यायला हवा. मोठ्या माणसाच्या डोक्यावरून हात नेणं आमच्याकडे काय असतं ते शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या आईनं बघितलं असतं तर तिथल्या तिथं कानाखाली दिली असती. मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते हलले नाहीत, आणि मला त्यांचा असा राग आला, असा राग आला, की पायातली भीती कुठं गेली कळलं नाही.

‘तिलोऊ, मास्तर,’ म्हणून माफी मागितली, वाकले, आणि खडू घेऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात वर नेला. मागं कुणीतरी श्वास ओढला.

चौकोन काढला. सोळा तुकडे. ‘मधले चार तुकडे प्रभाराला जवळचे. कोपऱ्यातले चार लांबचे. उरलेले आठ मधल्या अंतरावरचे. तीनच हिशेब करायचे.’ जवळच्यांचा आकडा बरोबर आला. आठांचा मांडताना वर्गमूळ चुकलं, खोडलं, पुन्हा चुकलं. खडूची भुकटी मास्तरांच्या खांद्यावर पडत होती. ते झटकत नव्हते. घड्याळात दहा वीस. मागून एक जण खुदकन हसला.

‘एक पूर्णांक शून्य सात पाच,’ सियोसाया मागून पुटपुटला. पठ्ठ्या आमेनच्या पुढं गेला.

बेरीज आली. ‘सोळाही तुकडे अगदी मध्यबिंदूशी असते तर सोळा आले असते. आलेत तेरा. त्यावरून एकूण रेषांतला वाटा ०.०६५. सहावा भाग म्हणजे ०.१६७. मास्तर, निम्म्याहून कमी आहे.’

मास्तर मान न वळवता म्हणाले, ‘तुकडे पाडून मोजणं हा अंदाज झाला. पोरांचा खेळ. सिद्धता नाही. खाली बस.’

मी बसायला हवं होतं. पण मनात सारखं ते एकोणसत्तर. माझं शून्य. तुवालूच्या कुठल्याशा बेटावर कुणीतरी जहाजातून निकाल यायची वाट बघत असणार, आणि त्याच्या बरोबर उत्तरावर मी थट्टा लिहून ठेवली होती. डब्याचं नाव मास्तरांसमोर घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून तर इतका वेळ आकड्यांत शिरले होते. आता दुसरा मार्ग नव्हता.

‘मास्तर, परवानगी असेल तर या विद्यार्थ्यानं शेवटी लिहिलंय ते वाचते.’ आणि त्या दोन ओळी वाचल्या. वीसचा डबा इथं बसत नाही. डबा चाळीसचा लागेल. आपला चौकोन त्याच्या तळाचा फक्त मधला तुकडा.

वाचून झालं. मास्तरांचे दोन्ही हात हवेत उचलले गेले, एक तळहात खाली, एक वर, मधे जणू काही टांगलंय. वरचा तळहात त्यांनी हळूहळू आणखी वर नेला. मग दोन्ही हात मांडीवर आले.

‘प्रश्नपत्रिका द्या,’ ते म्हणाले.

धरमेननं दिली. त्यांनी चष्मा लावला, आकृतीवर बोट ठेवलं. ‘मी दहा लिहून दिलं होतं,’ ते म्हणाले. ‘आकृती काढणाऱ्यानं वीस केलं. छापायच्या आधी माझ्याकडे आलं होतं. मी सही केली.’ मग अगदी बारीक आवाजात, ‘मी वाचलंच नाही. चौकोन बघितला आणि सही केली.’

ते खुर्चीवरून उठले. गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि खुर्ची स्वतः ओढून फळ्यापासून बाजूला केली. मी त्यांच्या खांद्यावरची भुकटी झटकली, त्यांनी झटकू दिली.

तेवढ्यात धरमेन घाईघाईनं म्हणाला, ‘सर, सोपं आहे. प्रश्नच रद्द करू. आकृतीची चूक, कुणाचा दोष नाही. उरलेल्या चौऱ्याण्णव गुणांचे शंभर करायचे. नियमात बसतं. अर्ध्या तासात मी वही पुरी करतो. कुणाला कळणारही नाही.’

खोलीभर सुटल्यासारखं झालं. दोघातिघांनी लगेच मानाही डोलावल्या. खरं सांगते, मलाही क्षणभर बरं वाटलं. मास्तरांची अब्रू राहील, मी काही मोठा गुन्हा केला नाही असं होईल. मग हिशेब केला. एकोणसत्तरला चौऱ्याण्णवनं भागलं की येतात त्र्याहत्तर. ०४१७ पुन्हा रेषेखाली.

‘आणि ज्यानं बरोबर सोडवला त्याचं काय?’ मी म्हटलं.

‘एक जण आहे हो, बाई! एकासाठी किती जणांना बुडवायचं?’ धरमेनच्या कपाळावर घाम होता. तो असा कधी बोलत नाही, भला माणूस. मी त्याच्या टेबलाशी गेले. त्यानं वही माझ्याकडे वळवली, एका ओळीवर पेन्सिल टेकवली आणि ओठ न हलवता म्हणाला, ‘सेइनी.’

सालासेइनी, मास्तरांची नात. आईविना मास्तरांनीच वाढवलेली. नियमानं तिची उत्तरपत्रिका मास्तरांच्या हाती जात नाही, ती माझ्याच गठ्ठ्यात आली होती आणि मला पत्ताही नव्हता. गुण अठ्ठ्याहत्तर. सातव्या प्रश्नाला सहापैकी सहा, खूण माझीच. उत्तर दुरुस्त केलं तर बहात्तर, शिष्यवृत्ती गेली. रद्द केला तर शहात्तर, शिष्यवृत्ती राहिली. धरमेन माझ्याकडे बघत होता, गप्प बसा म्हणून डोळ्यांनी हात जोडत होता.

अकराला पाच कमी. मी गप्प बसले. तोंडाला कधी कुलूप न घालणारी मी, चक्क गप्प बसले. सेइनी माझ्या घरी शिकायला यायची, माझ्या पोरीच्या केसांत फुलं माळून द्यायची. तुवालूचा तो क्रमांक मला कोण लागत होता?

‘धरमेन,’ मास्तर म्हणाले. ‘रद्द केला तर या मुलाचे किती?’

‘त्र्याहत्तर, सर.’

‘उत्तर दुरुस्त केलं तर?’

‘पंच्याहत्तर.’

‘आणि दुरुस्त केल्यानं रेषेखाली किती जातात?’

धरमेननं वहीत बघायचं नाटक केलं. ‘अकरा.’

‘कोण कोण?’

‘नावं सांगता येत नाहीत, सर. तुम्हीच केलेला नियम.’

मास्तरांनी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं. शिक्षकाला चौतीस वर्षांत एवढं तरी येतंच, समोरची दोन तोंडं काय लपवताहेत ते. त्यांनी चष्मा काढला, सुलूच्या कडेनं पुसला, पुन्हा लावला.

‘ती पाचवीत असल्यापासून मी तिला शिकवतोय,’ ते म्हणाले. ‘तिला’ म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

‘मास्तर,’ मी म्हटलं, ‘चूक तुमची आणि माझी. शिक्षा पोरांना का?’

‘मग ज्याची चूक नाही त्याला का?’ ते एकदम ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ‘वीस छापलं होतं. त्यानं वीस वाचलं. बाकी कुणी वाचलं नाही, तू नाही, मी नाही. रद्द करून काय सांगायचं त्याला? की बाळा, तू एकट्यानं वाचलंस म्हणून गप्प बस? कागद आण.’

धरमेन उठेना. मास्तरांनी स्वतः जाऊन कागद घेतला, उभ्यानंच लिहिलं: प्रश्न सात, सहावा भाग अमान्य, ०.०६ ते ०.०७ मधलं रीतीसह उत्तर ग्राह्य. खाली सही. मग म्हणाले, ‘एक तास आहे. गठ्ठे उघडा.’

आम्ही बारा जण चटईवर पालथे पडून लाल पेनं चालवत सुटलो. ०४१७ वरचं माझं शून्य खोडून मी सहा लिहिले, थट्टेवर इतक्या रेघा मारल्या की कागद फाटला. मग एकापाठोपाठ एक सहाव्या भागावर काट. सेइनीची आली तेव्हा या वेळी अक्षर ओळखलं. सुबक, डावीकडे झुकलेलं. शेजारी तिनं डबाही काढला होता, दोरा न् लिंबासकट. मी काट मारली. अकरा पन्नासला धरमेननं बेरजा पुऱ्या केल्या, बाराला लाख लागली.

आम्ही व्हरांड्यात आलो. मास्तर पायरीवर बसले, मी त्यांच्या एक पायरी खाली. फाटकातून सेइनी जेवण घेऊन येताना दिसली, हातात टोपली, उकडलेले दालोचे कंद आणि नारळाच्या दुधातली मासळी. परीक्षा झाल्यापासून आजोबांनी तिच्याशी पेपरबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असा घरात नियम होता, आणि पोरीनं तो तीन आठवडे पाळला होता.

‘झाली ना यादी बंद?’ टोपली ठेवता ठेवताच ती म्हणाली. ‘मग आता विचारू? आजोबा, सातवा प्रश्न तुम्हीच काढला होता ना? मी बघताक्षणी ओळखलं! इतकं हसू आलं मला, पर्यवेक्षक बघायला लागले. दोन मिनिटांत सोडवला.’

ती आमच्या तोंडांकडे बघायला लागली.

‘सहावा भागच ना?’

‘उंची किती दिली होती, सेइनी?’ मास्तरांनी विचारलं.

‘वीस.’

‘आणि बाजू?’

‘वीस. म्हणजे…’ ती थांबली. ओठ हलत होते, मनातल्या मनात काहीतरी मांडत होती. हुशार पोर, वेळ लागला नाही. तोंडावरचा रंग उतरला. ‘पण आजोबा, तुम्ही तर सांगितलं होतं, मधोमध दिसलं की सहावा भाग.’

‘हो. मीच सांगितलं होतं.’

ती माझ्याकडे वळली. ‘बाई, त्या प्रश्नाचे माझे किती गुण गेले?’

मास्तर समोरच्या फाटकाकडे बघत बसले होते.

‘सहा,’ मी म्हणाले.